आधी टीव्ही बंद ठेवा: एका मोबाईलवर तीस पोट्ट्यांचा वर्ग कसा चालवायचा

शाळेत टीव्ही आला त्या वर्षीची गोष्ट. चौथी-पाचवीला बाष्पीभवनाचा व्हिडिओ लावला, पुरा बावीस मिनिटांचा, अन् बावीस मिनिटं एकाही पोट्ट्यानं "सर, एकी" म्हणून बोट वर केलं नाही, मला वाटलं जमलं बाप्पा आपल्याला. संपल्यावर विचारलं, समजलं का? "होऽऽ सर!" मग फळ्यावर ओला हात मारला, तो पाहता पाहता वाळला, अन् विचारलं हे पाणी गेलं कुठे. एक म्हणे फळ्यानं पेलं, एक म्हणे तुमच्याच हाताले परत गेलं, अन् मागच्या रांगेतला एक म्हणे "सर, टीव्हीतलं पाणी समुद्राचं होतं नं, हे तं आपल्या बोरिंगचं हाये."

तेव्हा हसलो, पण संध्याकाळी गाडीवर घरी जाताना तेच डोक्यात. पोट्टा काही चुकीचं नव्हता बोलत. त्यानं व्हिडिओ पाहिला होता, विचार मात्र केला नव्हता, कारण विचार करायला मी जागाच ठेवली नव्हती, तो सगळा व्हिडिओ बनवणाऱ्यानं आधीच करून ठेवला होता.

तेव्हापासून कोणतंही यंत्र सुरू करायच्या आधी मी स्वतःला एकच विचारतो: पुढच्या पाच मिनिटांत डोकं कोणाचं चालणार आहे, माझं, टीव्हीचं की पोट्ट्याचं? उत्तर पोट्ट्याचं नसेल तर बटण दाबत नाही. डीएडला आपण पियाजे, वायगॉट्स्की, स्किनर, म्हणजे मूल कसं शिकते ते सांगणारे मानसशास्त्रज्ञ, सगळे पाठ केले, पेपरात दहा मार्काला लिहिले अन् नोकरी लागल्यावर पेटीत टाकले. खरं तर टॅब अन् टीव्ही शाळेत आले तेव्हाच ही माणसं पेटीतून बाहेर काढायला पाहिजे होती. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नं ज्ञानरचनावाद आणला, म्हणजे मूल स्वतःच आपलं ज्ञान रचते हे म्हणणं, शिक्षण हक्क कायद्यातही कृती अन् शोध यातून शिकणं लिहिलं आहे, २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा सरकारी कार्यक्रम आला, साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे ज्ञानरचनावादासाठी गाजलेला शाळांचा गट, पाहायला गुरुजी गाड्या करकरून गेले, परत येऊन फरशीवर आकडे अन् बाराखडी रंगवली, अन् बऱ्याच ठिकाणी ज्ञानरचनावाद तिथंच फरशीवर राह्यला. आता तोच प्रकार टीव्हीचा होऊन राह्यला म्हणून हे लिहितो.

आमची शाळा दोन गुरुजींची, पहिली ते पाचवी, तिसरी-चौथी-पाचवी माझ्याकडे, यवतमाळ जिल्हा, बाजूला बंजाऱ्यांचा तांडा, म्हणजे निम्मे पोट्टे घरी त्यांची गोरमाटी बोली बोलतात. नेट शाळेच्या मागच्या कडुलिंबाखाली येते. यातून जे जमलं तेच सांगतो.

पोट्ट्याला आधी काय येते ते काढा

ऑसुबेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६८ ला लिहून ठेवलं की शिकण्यावर सगळ्यात जास्त परिणाम कशाचा होतो तर शिकणाऱ्याला आधीच काय माहीत आहे त्याचा, ते शोधा अन् तिथून शिकवा. वाचायला सोपं आहे, करायला गेलं की समजते की आपल्याला पोट्ट्यांचं काहीच माहीत नसते.

पाचवीतली एक पोट्टी, दशांश अपूर्णांकात गाडी अडली. टॅबवरच्या चाचणीत प्रश्न, १७.५ मोठे की १७.०५? ती दर वेळी १७.०५ दाबे, टॅब दर वेळी लाल फुली दाखवे, अन् ती पुन्हा तेच दाबे, कारण तिच्या हिशोबानं आकडे जास्त म्हणजे संख्या मोठी. टॅबनं चूक आहे एवढं सांगितलं, काऊन चूक ते त्याला सांगताच येत नव्हतं. मग मला आठवलं की ही दिवाळीच्या सुट्टीत मायसोबत कापूस वेचणीला जाते. विचारलं, काट्यावर १७.०५० दिसलं तर किती कापूस? म्हणे सतरा किलो पन्नास ग्राम. अन् १७.५०० दिसलं तर? "साडेसतरा." मग मायचं गाठोडं साडेसतरा भरलं अन् लिहिणाऱ्यानं १७.०५ लिहिलं तर? क्षणभर गप्प राह्यली अन् मग एकदम, "सर, जवळपास अर्धा किलो खाल्ला नं त्यानं!" बारा रुपये किलोनं किती बुडाले ते तिनंच काढलं, पाच रुपये चाळीस पैसे.

आता यात तंत्रज्ञान कोणतं? टॅब नाही, तो वजनाचा इलेक्ट्रॉनिक काटा. गावात पोट्ट्यांच्या ओळखीची अशी यंत्रं पडलेली असतात, काटा, मोटारीचा स्टार्टर, मीटर, बापाच्या मोबाईलमधला कॅल्क्युलेटर, पिठाच्या चक्कीवरचे वजन. नवीन धडा सुरू करायच्या आधीच्या दिवशी दहा मिनिटं नुसती गप्पांना ठेवा, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून द्या, "तुमच्या घरी काय काय मोजतात" एवढंच विचारा. घरी जाऊन ऐका. वर्गात जे कानावरून गेलं ते रेकॉर्डिंगमध्ये सापडते, मला तर दर वेळी सापडते.

टीव्ही कितव्या पायरीवर

पियाजेचा प्रयोग एकदा तरी आपल्या वर्गात करून पाहा, पुस्तकात वाचलेला अन् डोळ्यानं पाहिलेला यात फरक आहे. दोन सारखे स्टीलचे ग्लास, दोन्हीत सारखं पाणी, पोट्ट्याकडूनच हो म्हणवून घ्या की सारखं आहे. मग एकातलं पाणी त्याच्यासमोर पसरट गंजात ओता, विचारा आता कुठे जास्त. पहिलीतले बहुतेक ग्लासाकडे बोट दाखवतात, कारण तिथं पाणी उंच दिसते. तिसरी-चौथीतलं पोट्टं तुमच्याकडे असं पाहते की सर येडे झाले का. पियाजे म्हणे साधारण सात ते अकरा वर्षांचं मूल तर्क करते, पण हातात वस्तू असली तर. हे वय काही दगडावरची रेघ नाही, किराणा दुकानदाराचा पोट्टा पहिलीतच सुट्टे पैसे बरोबर परत देते, पण अंदाज म्हणून कामाचं आहे.

ब्रूनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं त्याला तीन पायऱ्या दिल्या, आधी हातानं करणं, मग चित्र, मग चिन्ह. आता टीव्ही, टॅब, मोबाईल हे तिघंही मधल्या पायरीवरचे. आपण करतो काय, खालची पायरी गाळून थेट मधल्या पायरीवर उडी मारतो, अन् मग म्हणतो डिजिटल करूनही पोट्ट्यांना येत नाही. लिटर शिकवायचं तर आधी बादली अन् लिटरची बाटली, ओट्यावर सांडासांडी होऊ द्या, मग स्क्रीन, मग वहीत लिटर-मिलीलिटर. अपूर्णांकाला मी आधी भाकरी तोडतो, मग फेटचं (PhET) सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर स्वतः हलवून पाहायचा प्रयोग, उघडतो, हे कोलोरॅडो विद्यापीठाचं आहे, फुकट, मराठीतही आहे, अन् एक फाईल डाउनलोड करून ठेवली की नेट लागत नाही. त्यात पोट्टे स्वतः वर्तुळाचे तुकडे ओढतात, जोडतात. नुसत्या पाहायच्या व्हिडिओपेक्षा हे शंभर पटीनं बरं, कारण बोट त्यांचं चालते, अन् बोटामागं डोकं.

व्हिडिओ दाखवायचाच असेल तर

दाखवा, माझं काही वैर नाही. पण असा दाखवा. तीन-चार मिनिटांच्या वर नाही, मोठा असेल तर कामाचा तुकडा आधीच पाहून वेळ लिहून ठेवा. लावायच्या आधी प्रश्न द्या अन् प्रत्येकानं पाटीवर आपला अंदाज लिहायचा, तोंडी नाही, पाटीवरच, कारण तोंडी विचारलं की हुशार दोघं बोलतात अन् बाकीचे त्यांच्या मागं मान हलवतात. फळ्यावरच्या ओल्या हाताचं मी आता असं करतो: हात मारला, अंदाज लिहा पाणी कुठे जाईल. पाट्या वर करा. वेगवेगळी उत्तरं लिहिणारे दोघं-दोघं समोरासमोर बसवा, दोन मिनिटं भांडा. मग व्हिडिओ सुरू, महत्त्वाच्या जागी थांबवा, पुढे काय होईल? मग पुढचं दाखवा. शेवटी ज्याचा अंदाज चुकला त्यालाच सांगायला लावा की तुझं काऊन चुकलं, अन् इथं जरा सांभाळून, चुकणाऱ्याचा मान राह्यला पाहिजे, मी तर आधी माझाच चुकलेला अंदाज सांगतो. शिक्षणशास्त्रात याला अंदाज-निरीक्षण-स्पष्टीकरण म्हणतात, आमच्या वर्गात याला "पैज" म्हणतात.

अजून एक गंमत करून पाहा. व्हिडिओचा आवाज बंद करा अन् पोट्ट्यांना कॉमेंट्री करू द्या, क्रिकेटसारखी. बी रुजण्याचा व्हिडिओ होता, एक पोट्टा म्हणे "अन् हे पाह्य भाऊ, मूळ खाली चाल्लं, कोंब वरते, दोघंही एकमेकाले विचारून नाही राह्यले". हसून हसून पुरे. पण त्यातून प्रश्न निघाला, की खरंच मुळाला कसं समजते खाली कोणतं? तो प्रश्न माझ्या पाठ टाचणात नव्हता. एका बरणीत ओल्या कापडावर हरभरे ठेवले, कोंब आल्यावर बरणी आडवी केली, अन् रोज सकाळी एकानं फोटो काढायचा, आठवडाभर. मूळ वळलं. फोटो भरभर सरकवले की त्याचाच व्हिडिओ, अन् तो त्यांनी बनवलेला. पॅपर्ट नावाचा गणितज्ञ म्हणे मूल काहीतरी बनवताना, दुसऱ्याला दाखवायजोगं बनवताना सगळ्यात चांगलं शिकते, तो संगणकाबद्दल बोलत होता पण हरभऱ्याला काय कमी आहे.

सेंट्रिंग लावा, पण काढाही

वायगॉट्स्कीचं म्हणणं थोडक्यात असं, की पोट्ट्याला एकट्यानं जेवढं जमते अन् जाणकाराच्या मदतीनं जेवढं जमते याच्या मधली जी जागा, शिकणं तिथं होते. त्याच्या पुढे शिकवलं तर वाया, मागं शिकवलं तर कंटाळा. त्या मदतीला १९७६ पासून स्कॅफोल्डिंग हे इंग्रजी नाव पडलं, त्याचा अर्थ आपल्या गावच्या भाषेत सेंट्रिंग. घरकुलाचा स्लॅब टाकताना लावतो नं, ती. लवकर काढली तर स्लॅब खाली, अन् काढलीच नाही तर त्या घरात राहायचं कसं?

आमच्याकडे सगळ्यात मोठी अडचण भाषेची. तांड्यावरचं पोट्टं पहिलीत येते तेव्हा त्याला "आई" शब्द नवा असतो, घरी याडी म्हणतात, भाकरीला बाटी म्हणतात. टीव्हीतली मराठी तर पुण्याची, ती मलाच अर्धी वेगळी वाटते. म्हणून पाचवीच्या पोरींनी पहिलीसाठी मोबाईलवर बोलता शब्दकोश बनवला, एक फोटो, त्यावर आधी गोरमाटी शब्द मग मराठी, स्वतःच्या आवाजात. पहिलीचे ऐकतात अन् खिदळतात, "ही तं माही बहीण बोलून राह्यली". कोणत्याही ॲपमध्ये हे नाही. अन् शिकलं जास्त कोण म्हणाल तर रेकॉर्ड करणाऱ्या पोरी, कारण उच्चार चुकला की त्या पुन्हा, पुन्हा करत.

मोठ्या पोट्ट्यांची सेंट्रिंग म्हणजे भिंतीवरचे वाक्याचे सांगाडे. "मला वाटते ... कारण ...", "मी तुझ्याशी सहमत नाही कारण ...". महिनाभर ते पाहून बोलतात. मग एक दिवस मी अर्धे काढून टाकतो, कोणाला समजतही नाही.

बरोबर-चूक सांगणारी ॲप

स्किनर म्हणजे सराव अन् बक्षिसानं शिकवायचं म्हणणारा, त्याला शिव्या घालायची फॅशन आहे, पण जरा थांबा. १९५३ ला तो मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला, पाहिलं की सगळी मुलं एकाच वेगानं ढकलली जातात अन् उत्तर बरोबर की चूक ते दुसऱ्या दिवशी कळते. त्यातून त्यानं शिकवणारं यंत्र बनवलं, लहान लहान पायऱ्या, अन् प्रत्येक पायरीला लगेच उत्तर. आजची बरीचशी सरावाची ॲप त्याचीच नातवंडं. पाढे, स्पेलिंग, जोडाक्षरं वाचणं यासाठी ती चांगली, यात मला शंका नाही, तीस वह्या मी रोज तपासू शकत नाही.

फक्त पोट्टे तुमच्यापेक्षा हुशार आहेत हे धरून चाला. माझ्याकडे एकानं एका तासात चाळीस स्टार कमावले, मी परिपाठात त्याला टाळ्या द्यायला लावल्या, नंतर समजलं की चार पर्याय पटापट दाबले की एक तर बरोबर लागतेच अन् स्टार मिळतो. त्यानं ही विद्या सगळ्यांना वाटूनही टाकली होती, म्हणजे सहकार्यातून अध्ययन झालं म्हणायचं! आता नियम असा, एका मोबाईलवर दोघं, दाबणारा वेगळा अन् सांगणारा वेगळा, सांगणाऱ्यानं उत्तर अन् कारण मोठ्यानं सांगितल्याशिवाय दाबणाऱ्याचं बोट हवेतच. चुकलं तर तो प्रश्न वहीच्या मागच्या पानावर. ते मागचं पान मी पाहतो, स्टार पाहत नाही.

तीन थांबे

आता सगळ्यात कामाचं. २००७ च्या सुमारास अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बर्गमन अन् सॅम्स या दोन रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी उलटा वर्ग सुरू केला, धडा घरी व्हिडिओवर पाहून या, वर्गात गणितं सोडवू. आपल्याकडे हे जसंच्या तसं होत नाही, घरचा मोबाईल बापाच्या खिशात, बाप वावरात, अन् संध्याकाळी आला तर रिचार्ज संपलेला. म्हणून उलटायचा तो वर्गातच उलटा.

वर्गाचे तीन गट, तीन थांबे, एसटीसारखे. पहिला मोबाईलचा थांबा, दुसरा वस्तूंचा, तिसरा माझा. पंधरा-पंधरा मिनिटं, ताटलीवर ठोका पडला की गाडी पुढे. मोबाईलच्या थांब्यावर छोटा व्हिडिओ किंवा सराव, वस्तूंच्या थांब्यावर हातानं करायचं काम, अन् माझ्याजवळ जे दहा येतात त्यांच्याशी मी खरंच बोलतो, एकेकाची पाटी पाहतो. तीस जणांना एकदम शिकवताना मला जे दहा दिसत नव्हते ते इथं गुडघ्याला गुडघा लावून बसलेले असतात. गट इयत्तेवर नका पाडू, ज्याला जे येते त्यावर पाडा, अन् दर पंधरा दिवसांनी मोडा, नाहीतर "ढ गट" असं नाव पोट्टेच पाडतात.

पहिला आठवडा गोंधळ होतो. ठोका पडला की पळापळ, वस्तूंच्या थांब्यावर मारामारी, शेजारच्या वर्गातले गुरुजी येऊन पाहून जातात की सर वर्गात आहेत की नाही. पहिल्या आठवड्यात काही शिकवूच नका, नुसता थांबा बदलायचा सराव घ्या. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून पहिल्या वर्षी मी चार दिवसांतच सोडून दिलं होतं.

मोबाईलच्या थांब्यावर कामं वाटून द्या: बटणवाला, लिहिणारी, विचारणारा, वेळ पाहणारी. अन् रोज बदला. नाही बदललं तर काय होते ते मी पाहिलं आहे, तीच दोन धटिंगण पोट्टे मोबाईल धरून बसतात अन् पोरी मागून मान लांब करून पाहतात. १९९९ ला सुगता मित्रा या संशोधकानं दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवला अन् झोपडपट्टीतली मुलं आपापली शिकली, त्याचा दाखला देऊन काही लोक म्हणतात गुरुजीच नको. मला नाही पटत. मुलं मुलांकडून शिकतात हे खरं, पण मोकळ्या सोडलेल्या यंत्रावर दांडगाई करणाऱ्याचंच राज्य येते. सुगता मित्रांच्या नंतरच्या कामातला मोठा प्रश्न मात्र मी घेतला, एका यंत्रावर चार जण अन् एक असा प्रश्न ज्याचं उत्तर एका ओळीत नाही. "उन्हाळ्यात आपल्या विहिरीचं पाणी खाली जाते पण तलावाखालच्या विहिरीचं काऊन नाही?" यावर आठवडा गेला.

वर्धा काही लांब नाही

विद्यार्थी-केंद्री म्हटलं की लोक बाहेरची नावं घेतात. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष, त्यातून झाकीर हुसेन समिती अन् नई तालीम निघाली, हातानं काम करता करता गणित, विज्ञान, भाषा शिकायची. तिकडे अमेरिकेत शिकागोला ड्युई या शिक्षणतज्ज्ञानं १८९६ लाच प्रयोगशाळा-शाळा काढली होती. दोघांचंही म्हणणं शेवटी हेच की कामातून शिका, फक्त गांधीजींच्या हातात टकळी होती.

आमच्याकडे टकळी नाही, कापूस आहे. गुलाबी बोंडअळीनं २०१७ ला कापसाचं काय केलं ते इकडच्या पोट्ट्यांना सांगावं लागत नाही. एका पालकाच्या वावरात पाच कामगंध सापळे लावलेले होते. या सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, नर पतंग येऊन अडकतात. पाचवीच्या गटाला काम दिलं, रोज सकाळी पालकासोबत जाऊन पतंग मोजायचे, तारखेसह फोटो काढायचा, आकडे वहीत. एक दिवस निघाले ४, ६, ५, ४ अन् १५. एकूण ३४, सरासरी ६.८. कृषीवाले सांगतात एका सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन दिवस, तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली. मग भांडण, सरासरी तर आठच्या खाली आहे, मग घाबरायचं नाही का? अन् तो एक पंधरावाला? सरासरीनं त्याला लपवलं की नाही? पुढचे दोन दिवस सरासरी ८.२ अन् ८.६ आली, तर "सलग" म्हणजे काय यावरून अर्धा तास. पुस्तकातला सरासरीचा धडा यात कधी झाला ते समजलंच नाही. पंधरावाला सापळा मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या, ढिगाजवळ होता, हे फोटोत मागं दिसणाऱ्या ढिगावरून एका पोट्ट्यानं पकडलं. त्या ढिगातच अळी दडून राहते हे मी नंतर सांगितलं, आधी नाही.

आलेख आधी हातानं आलेख कागदावर, नंतर मोबाईलच्या स्प्रेडशीटवर. उलट केलं तर मोबाईल रेघ काढून देतो अन् उभ्या अक्षावर काय आहे ते कोणाला सांगता येत नाही. शेवटी दोन मिनिटांचा ऑडिओ, वऱ्हाडीत, शेतकऱ्यांच्या ग्रुपवर. अन् एक गोष्ट ठणकावून सांगतो: फवारणी असेल त्या दिवशी अन् त्यानंतरचे काही दिवस पोट्टे वावरात न्यायचे नाहीत, सापळ्यातल्या गोळीला हात लावायचा नाही, परत आल्यावर साबणानं हात. २०१७ लाच आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली.

यंत्राचं थोडं

रविवारी घरी नेटवर सगळं डाउनलोड करा, बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी ॲपवरचं जे कामाचं आहे तेही, दीक्षात ऑफलाइन ठेवता येते. मेमरी कार्डात इयत्तेप्रमाणे फोल्डर करा. पोट्ट्यांच्या हातात मोबाईल द्यायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन ॲप पिन करा, मग ते एकाच ॲपमध्ये राहतात, तुमचे फोन अन् बँकेचे मेसेज उघडत नाहीत. विमान मोड चालू. व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर टीव्हीला स्टॅबिलायझर आधी, टीव्ही नंतर, आमचा पहिला टीव्ही एका पावसाळ्यात गेला अन् ज्यानं बसवला त्यानं नंतर फोनच उचलला नाही. पोट्ट्यांचे फोटो-व्हिडिओ स्टेटसवर टाकू नका, पालकाला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

आलं की नाही ते कसं पाहायचं? रोज सकाळी पाटीवर तीन प्रश्न, एक कालचा, एक मागच्या आठवड्याचा, एक मागच्या महिन्याचा. पुस्तक बंद. २००६ ला रोडिगर अन् कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की धडा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवते, पण आठवड्यानंतर जास्त आठवते ते स्वतःला प्रश्न विचारून आठवून पाहणाऱ्यांना. याला एक रुपया लागत नाही. दुसरं म्हणजे प्रत्येकाचं एक मिनिटाचं वाचन रेकॉर्ड करा, जुलैत एकदा, दिवाळीच्या आधी एकदा, मार्चमध्ये एकदा. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या नोंदी आपण २०१० पासून लिहितोच, "वाचनात प्रगती आहे" असं तीस वेळा, अन् ते वाचते कोण? रेकॉर्डिंग मात्र बापाला ऐकवा, जुलैचं अन् मार्चचं लागोपाठ. बाप लोक पालकसभेला येत नाहीत ही आपली तक्रार असते, पोट्ट्याचा आवाज ऐकायला येतात.

राह्यलं ते वेचणीचं. दिवाळीनंतर वर्ग अर्धा होतो, हे इकडे नोकरी करणाऱ्याला सांगायला नको. कायदा काय म्हणते ते मला माहीत आहे, घरी जाऊन मीही भांडतो, पण गेलेलं पोट्टं परत येईपर्यंत धडा पुढे जातो. म्हणून प्रत्येकाला एक जोडीदार, गैरहजर असेल तर जोडीदारानं रोज दोन मिनिटांचा ऑडिओ करून ठेवायचा, आज काय झालं. मी नाही करत, जोडीदारच करतो. ती दशांशवाली पोट्टी मागच्या हिवाळ्यात नऊ दिवस नव्हती. आली तेव्हा जोडीदारणीचे ऑडिओ ऐकले, एकात ती सांगत होती, "दशांशाचा गुणाकार झाला, पॉइंट कुठं द्यायचा ते काट्यावानी पाह्य." मग हिनं दप्तरातून वेचणीच्या नऊ चिठ्ठ्या काढल्या, वजन गुणिले भाव, सगळी बेरीज वहीत. माझ्या हिशोबाशी एक जागा जुळेना, तिला म्हटलं पुन्हा कर. तिनं दोनदा केलं, तेच उत्तर. मग आम्ही दोघांनी चिठ्ठ्या समोर ठेवून पाहिल्या तर मी चिठ्ठीवर खाली लिहिलेली रक्कम धरली होती अन् तिनं वजन धरलं होतं, चिठ्ठी लिहिणाऱ्यानं एका ठिकाणी पॉइंट सरकवला होता. ती चिठ्ठी तिला विचारून दुसऱ्या दिवशी वस्तूंच्या थांब्यावर ठेवली.